कलमांची जन्मतारीख

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

1 मेच्या अंकात आमच्या इंदूरच्या मिल कामगारांवर लेख आला, इथले कम्युनिस्ट कामगार नेते होमी दाजींची आठवण निघाली, बरं वाटलं. पण त्यात डाव्या चळवळींवरच्या दडपशाहीची गोष्ट 1975 पासून सुरू होते. ती आमच्या एमवाय रुग्णालयाच्या आवारातून सुरू व्हायला हवी. तिथल्या कडुलिंबावर 10 फेब्रुवारी 1858 रोजी सत्तावनच्या उठावात इंग्रजांशी लढलेल्या, अमझेरा संस्थानच्या राणा बख्तावरसिंहांना फाशी दिलं गेलं.

सत्तावनच्या धसक्यानं इंग्रजांनी 1837 पासून पडून असलेल्या दंडसंहितेच्या मसुद्याचा 1860 मध्ये कायदा केला. पाठोपाठ 1861 चा पोलीस कायदा आला. राणीविरुद्ध युद्ध पुकारणं गुन्हा होताच, 1870 मध्ये त्याला 121-अ हे कलम जोडलं. आता कुणी काही करायचीही गरज उरली नाही, नुसता कट पुरे.

हे कलम मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांवर चाललं. 1928 चा सहा महिन्यांचा संप झाला आणि 20 मार्च 1929 ला डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे यांना पकडून मीरतला नेलं. मुंबईत ज्यूरी मिळाली असती, मीरतला ती नव्हती! बादशहाचं हिंदुस्थानवरचं सार्वभौमत्व हिरावण्याचा कट, हा आरोप. पुरावा काय, तर पत्रं, पुस्तकं, भाषणं. निकालाला जवळजवळ चार वर्षं लागली.

मला सलतं ते पुढचं. राज्यघटना लागू होऊन अवघे सोळा दिवस झाले होते, तेव्हा 11 फेब्रुवारी 1950 ला सालेमच्या तुरुंगात गोळीबारात 22 कम्युनिस्ट कैदी मेले. त्याच महिन्यात खटल्याशिवाय कोंडून ठेवू देणारा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. त्याखाली कोंडलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन सर्वोच्च न्यायालयात गेले, एक कलम रद्द झालं, बाकी कायदा टिकला. तेलंगणात कम्युनिस्टांनी शस्त्र उचललं होतं, ते मी नाकारत नाही. शस्त्र उचलणाऱ्यावर खटला भरावा. खटल्याशिवाय कोंडून ठेवायची रीत मात्र 1818 च्या बंगाल रेग्युलेशनची, ती आपण कशाला सांभाळली?

121-अ आजही आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक 148.

माझी विनंती एवढीच, की कुणाला अशा कलमाखाली अटक झाल्याची बातमी छापाल, तेव्हा ते कलम मुळात कोणत्या वर्षी, कुणाविरुद्ध लिहिलं गेलं, हेही एका ओळीत छापावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर