सुधीरला पत्र : मोडेम, पुण्याचं मशीन आणि तीन एंटर

ठाणे,
९ ऑगस्ट १९९६

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. तुझी कर्मिटची (मोडेमने फोनवरून फाईल आणणाऱ्या प्रोग्रॅमची) स्क्रिप्ट रात्री मधेच अडकते आणि सकाळी फाईल आलेली नसते, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात गेला महिनाभर हेच चाललं होतं.

आमच्याकडे ठरल्या वेळी कामं सुरू करणारं क्रॉन रात्री साडेअकराला स्क्रिप्ट सुरू करतं. पुण्याच्या शाखेतल्या एससीओ युनिक्सवर चालणाऱ्या मशीनला फोन लावायचा, दिवसभराच्या ऑर्डरींची फाईल घ्यायची, फोन ठेवायचा, एवढंच काम. दिवसा मी हाताने केलं की दर वेळी जमायचं, रात्री एकदाही नाही. पहिला संशय लाइनवर. या पावसात आमच्या फोनवर नुसती खरखर असते. वायर बदलली, कॅरियरची, म्हणजे तिकडच्या मोडेमच्या सुराची, किती वेळ वाट पाहायची ते ठरवणारं मोडेमचं एस७ रजिस्टर ६० सेकंदांवर नेलं. फरक शून्य.

मग एका रविवारी भाच्याला, परागला, शेजारी बसवलं. त्याला म्हटलं, मी जी जी कळ दाबीन ती क्रमाने कागदावर लिही, मला काही विचारू नकोस. कर्मिटचा सेशन लॉगही चालू ठेवला होता, पण तिकडून काय आलं तेवढंच त्यात उतरतं. आपण काय पाठवलं ते कागदावरच सापडणार होतं. पोराने लिहिलं : एंटर, एंटर, मग नाव, पासवर्ड, पुन्हा एंटर. सुधीर, हे तिन्ही एंटर स्क्रिप्टमध्ये नव्हते! मी ते दाबतो हे मला माहीतच नव्हतं.

पहिले दोन का लागतात ते आता कळलं. पुण्याचा मोडेम सेकंदाला २४०० बिटांच्या वेगाचा आहे आणि तिथली गेट्टी (लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम) ९६०० वर बसलेली असते. त्यामुळे लॉगिनऐवजी आधी कचरा दिसतो. २४०० ने गेलेला एंटर ९६०० वाल्याला धड अक्षर म्हणून वाचता येत नाही. गेट्टी ते ब्रेक, म्हणजे वेग बदलण्याची खूण, समजते आणि गेट्टीडेफ्स या तिच्या वेगांच्या यादीतल्या पुढच्या वेगावर जाते. तिथे ९६०० नंतर ४८०० आणि मग २४००, म्हणून दोन वेळा. स्क्रिप्ट बिचारी गप्प बसून लॉगिन शब्दाची वाट पाहायची आणि वेळ संपला की मरायची. आता कॅरियर लागल्यावर ती दोन सेकंद थांबते, एंटर पाठवते, दहा सेकंद वाट पाहते, लॉगिन दिसलं नाही तर पुन्हा पाठवते. असं चार वेळा.

तिसरा एंटर टीसेट या टर्मिनल ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचा. पासवर्डनंतर ते टर्मिनलचा प्रकार विचारतं, कंसात 'एएनएसआय' दाखवतं आणि होकाराची वाट पाहतं. मी तिकडे न बघताच एंटर मारत होतो.

तू लॉगिन शब्द पूर्ण शोधू नकोस. पहिलं अक्षर गाळून उरलेलंच शोध. यूयूसीपी ही युनिक्स मशीनमध्ये फायली पाठवायची जुनी व्यवस्था वापरणारे पूर्वीपासून असंच करतात, कारण पहिलं अक्षर कधी कॅपिटल असतं, कधी खरखरीत जातं. पासवर्ड पाठवण्याआधी एक सेकंद थांब. काही जुन्या मशीनवर घाईने आलेली अक्षरं फेकली जातात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. स्क्रिप्ट मधेच मेली आणि तिकडच्या मोडेमने कॅरियर गेल्याचं मशीनला कळवलंच नाही, तर आपलं शेल, म्हणजे लॉगिन झालेलं सत्र, तसंच उघडं राहतं आणि पुढचा फोन करणारा थेट त्यात शिरतो. आमच्याकडे एकदा झालं तसं. त्या मोडेमला अँड-सी-१ (कॅरियर गेल्याचं मशीनला कळव) आणि अँड-डी-२ (मशीनने सांगितलं की फोन ठेव) दिलंय का ते तिथल्या माणसाकडून नक्की तपासून घे. आणि स्क्रिप्टच्या फाईलमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, तेव्हा फाईलची परवानगी ६०० कर, म्हणजे मालकाशिवाय कुणाला ती वाचता येणार नाही.

तुमचं एक्स्चेंज जुनं असेल तर एटीडीटीऐवजी (टोन डायल) एटीडीपी (पल्स डायल) वापरून बघ.

वहिनींना किंवा मुलांपैकी कुणाला शेजारी बसव, कळांचा कागद तयार कर आणि सेशन लॉगसोबत मला पाठव. लॉग 'ओडी हायफन सी' या आज्ञेतून काढलेला हवा, म्हणजे न दिसणारी अक्षरंही वाचता येतील. पुढच्या रविवारपर्यंत आला तर त्याच दिवशी बसून तुझी स्क्रिप्ट लिहून देतो.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मोहन