परत आलेल्यांसाठीही एक दगड हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गावात बाजारतळाशेजारी सैनिकांचं स्मारक बांधायला घेतलंय. चौथरा झाला, काळा दगडही आला. परवा त्यावर कोरायच्या नावांची यादी वाचून दाखवली, त्यात सगळी नावं शहीद जवानांची. त्यांचा मान पहिला, त्याबद्दल दुमत नाही. मी एवढंच विचारलं, लढून परत आले त्यांचं काय? तर म्हणाले, "आजी, स्मारक गेलेल्यांचं असतं."

माझे यजमान तोफखान्यात होते. नाशिकरोड कॅम्पला ट्रेनिंग झालं, आणि 1971 च्या पाकिस्तानविरुद्धच्या लढाईत ते जम्मूच्या सीमेवर छांबला होते, पंचवीस पौंडी तोफेवर. 3 डिसेंबरला तिथे तोंड लागलं, काही दिवसांतच आपल्या फौजेला मुनव्वर तवी नदीच्या अलीकडे यावं लागलं. छांब पुढे पाकिस्तानकडेच राहिलं. 16 डिसेंबरला शाळेत मुलांना ढाक्याच्या विजयाची गोष्ट सांगतात, ती सांगावीच. छांबची मात्र कोणी काढत नाही. हेही कधी आपणहून बोलले नाहीत.

डावा कान तिथेच गेला, उजवा पन्नाशीनंतर. कानात कापसाचा बोळा घालून तोफ उडवायचे. आमच्या घरी देवळालीच्या रेंजवरचा बार ऐकू येतो, मांडणीवरची पितळी भांडी थरथरतात. यांना आवाज यायचा नाही. भांड्यावर तळहात टेकवून उभे राहायचे आणि सांगायचे, "ही मोठी तोफ." फायरिंग थांबेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. तेवढा वेळ नातवंडंसुद्धा गप्प बसायची, कोणी सांगावं लागत नसे. सहा वर्षांपूर्वी अंथरुणात गेले. म्हणून ते यादीत बसत नाहीत.

माझी बहीण साताऱ्याकडे दिलेली. तिकडच्या आणि कोकणातल्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. तिच्या गावची मी स्वतः पाहिली, भाच्याने वाचून अर्थ सांगितला: या गावातून इतके जण 1914 ते 1919 च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आधी गेलेले सगळे मोजले, मग पडलेले. नाव मात्र एकाचंही नाही. परक्या सरकारने नुसता आकडा का होईना, सगळ्यांचा लिहिला. आपण आपल्या माणसांची नावं लिहायला का कचरावं?

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर वीरगती मिळालेल्यांचीच पंचवीस हजारांवर नावं आहेत. अख्ख्या देशातून परतलेल्यांची नावं तिथे मावायची नाहीत, हे समजतं. आमचं गाव केवढं! 1962 पासून कारगिलपर्यंत लढाईवर गेलेले सगळे धरले तरी एका दगडावर बसतील. त्याच चौथऱ्यावर, शहिदांच्या दगडापेक्षा हातभर खाली, दुसरा दगड बसवा. त्यावर नंबर, हुद्दा, पलटण आणि नाव लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची आणि आम्हा विधवांची नोंद असते, तिथून यादी पडताळता येईल. नावं घरच्यांना दाखवूनच कोरावीत. फौजेच्या कागदावर यांचं आडनाव शेवटपर्यंत चुकीचं राहिलं.

यांची काळी ट्रंक अजून माजघरात आहे, बाजरी ठेवते मी तिच्यात. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांनी स्वतः नंबर आणि नाव घातलंय, आडनाव बरोबर आहे. ते मी वहीच्या कागदावर उतरवून ठेवलंय. पाथरवट येईल त्या दिवशी घेऊन जावं.

आपली,
एका गनरची पत्नी, ता. सिन्नर, जि. नाशिक