गॅलरीतल्या काकांना, पप्पांना शिडीवरून उतरवल्याबद्दल

काका नमस्कार,

तुम्ही मोबाईलवर काही वाचत बसत नाही हे माहितीये, पण तुमचा मुलगा वाचतो म्हणालेलात, तो वाचून दाखवेल या हिशोबाने सगळ्यांसमोरच लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, गॅलरीचंही नाही. टाकलं तर उद्यापासून अख्खं ठाणं तुमच्याकडे चित्रं टांगायला येईल आणि तुम्ही नाही म्हणणार नाही, मग काकू मला शिव्या घालतील.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माझे पप्पा बोर्ड पेंटर. आयुष्य वागळे इस्टेटमध्ये गेलं, कंपन्यांच्या पाट्या, मशीनवरचे नंबर, गेटवरचं 'धूम्रपान मनाई आहे', सगळं हाताने. राज्यात एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) 1962 ला निघाली आणि तिची पहिली कारखान्यांची वसाहत म्हणजे आपलं वागळे, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. मग फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत सगळं बसलं. पप्पा काही बोलले नाहीत, फक्त उरलेल्या ऑइलपेंटच्या डब्यांतून प्लायच्या तुकड्यांवर जांभळी नाक्याच्या बाजारातल्या बंद पडलेल्या दुकानांच्या पाट्या आठवून आठवून रंगवायला लागले, दुकान, ओटा, पाटीखाली बसलेला मालक, मांजर असेल तर मांजरपण. अशी 22 झाली आणि मी त्यांना न विचारता पालिकेच्या गॅलरीचा अर्ज भरून टाकला. ते आठ दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते.

तर काका, आपली पहिली भेट आठवते का? पप्पा दारातच म्हणाले, मी आर्टिस्ट वगैरे नाही हो, बोर्ड पेंटर आहे, पोरीने काहीतरी घोळ केलाय. आणि तुम्ही हातातला झाडू भिंतीला लावून ठेवत म्हणालात, चित्रकार हुसेन कोण होता मग? पंढरपूरचा माणूस, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचा. आणि तो आरा, लहानपणी पळून मुंबईत आला, लोकांच्या घरी काम केलं, गाड्या पुसल्या, आणि 1947 ला चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला त्यात हुसेन आणि रझांच्या बरोबरीने तोपण होता. पप्पांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. मला खरं सांगायचं तर मीपण नव्हतं ऐकलं, ट्रेनमध्ये बसून मोबाईलवर चेक केलं तर सगळं खरं निघालं!

मग तुम्ही म्हणालात आधी फोर्टला जाऊन मोठ्या गॅलरीत चित्रं कशी टांगतात ते बघून या, चित्रं बघू नका, भिंती बघा. आम्ही शहाणे सोमवारी गेलो आणि एनजीएमए, म्हणजे सरकारची आधुनिक कलेची गॅलरी, सोमवारी बंद असते. मग समोर जहांगीर आर्ट गॅलरीत गेलो, ती 1952 पासून उभी आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत. पप्पा तरुणपणी रविवारी एकटे तिथे यायचे हे मला त्या दिवशी कळलं, तिथल्या समोवार कॅफेमध्ये एकदाच चहा प्यायलेले आणि ते 2015 ला बंद झाल्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. मंगळवारी परत गेलो. एनजीएमएची बिल्डिंग 1911 चा सभेचा हॉल, 1996 ला त्याची गॅलरी झाली, आत अर्धगोल मजले आणि वर घुमट. पप्पा प्रत्येक भिंतीपाशी थांबून वितीने मोजत होते, वॉचमन आमच्याकडे संशयाने बघत होता.

आता काचेचं. फ्रेमवाल्याने (कुठला ते सांगत नाही) 22 च्या 22 ला काचा लावून पैसे घेतलेले. तुम्ही पहिली फ्रेम हातात घेतली आणि तुमचा चेहराच पडला. ऑइलपेंटवर काच कशाला, तेपण रंगाला टेकवून, या पावसाळ्यात? तीन चित्रांवर काच चिकटलेली होती. मला अजून दिसतंय, तुम्ही फ्रेम उलटी टेबलावर ठेवून मागचे खिळे एकेक करून पक्कडने काढत होतात, श्वास रोखून, आणि पप्पा बाजूला उभे राहून 'हळू, हळू' म्हणत होते. दोन सुटली. तिसऱ्यात किराणा दुकानाच्या पाटीतला 'भां' काचेबरोबर निघून आला, नुसता अनुस्वार प्लायवर राहिला. पप्पा काही न बोलता पिशवीतून ब्रश काढून जमिनीवर मांडी घालून बसले, आधी शिरोरेघ जोडून घेतली मग काना, हात जराही हलला नाही. तुम्ही मागे उभे राहून बघत होतात आणि म्हणालात, आता हे विकायचं नाही. (नाही विकलं. एकाने विचारलेलं.)

दोऱ्या पण सगळ्या परत बांधल्यात तुम्ही. हुक फार खाली होते, म्हणून चित्र वरून पुढे झुकायचं. मला वाटायचं खिळा ठोकला की झालं. तुम्ही चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर धरून खडूने खुणा केल्यात, आणि पप्पा सवयीने शिडी उचलायला गेले तेव्हा ती त्यांच्या हातातून काढून घेतलीत. आज तुम्ही चढायचं नाही, खुर्चीत बसून मला डावीकडे-उजवीकडे सांगायचं. काका, माझ्या बापाला आयुष्यात कोणी असं सांगितलं नव्हतं. ते शिडीवर आणि खाली कोणीतरी 'अजून वर घे' म्हणणारा, कायम असंच. पहिली दहा मिनिटं ते खुर्चीच्या टोकावर बसलेले, उठायच्या तयारीत. सहाव्या चित्राला मागे टेकले. मी फोटो काढायला हवा होता पण काढला नाही, मला रडू येत होतं.

उद्घाटनाचं काय लिहू, हार, भाषण, समोसे, ठीक होतं. शनिवारचं अक्षरं रंगवायचं प्रात्यक्षिक मात्र तुमच्यामुळे झालं, अर्जात ते नव्हतंच. सतरंजी तुम्ही घातलीत, शाळेतली पोरं तुम्ही फोन करून गोळा केलीत, आणि एका मुलीने विचारलं की कम्प्युटरवर पटकन होतं मग हाताने कशाला, तेव्हा पप्पा तिच्या हातात ब्रश देऊन म्हणाले आधी तुझं नाव लिही, मग सांगतो. ती नंतर घरी जायलाच तयार नव्हती.

शेवटच्या दिवशी मी तुम्हाला पाकीट दिलं ते तुम्ही घेतलं नाहीत. दाराजवळचा 'कृपया चित्रांना हात लावू नये' लिहिलेला ए-फोरचा कागद काढून माझ्या हातात दिलात, हा दर पावसात गळून पडतो, पप्पांना म्हणावं एक बोर्ड करून द्या.

बोर्ड झालाय काका. काळ्यावर पिवळं, लाल शॅडो. तीनदा पुसून परत केलाय, कारण 'कृ'चा ऋकार त्यांना खाली बारीक वाटतोय, मला तर दिसतपण नाही. शनिवारी घेऊन येतो. लावायला शिडी तुम्हीच चढा, ते खुर्चीत बसणार आहेत, आतापासून सांगून ठेवलंय.

तुमची,
बोर्ड पेंटरची मुलगी
वागळे इस्टेट, ठाणे