‘हॅलोविन २’च्या डिस्कवर कापलेले चित्र आणि भलतीच आवृत्ती

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ‘हॅलोविन २’ (१९८१) या अमेरिकी भयपटाच्या ब्ल्यू-रे डिस्कच्या वेष्टनावरील मजकूर आणि आतील चित्रपट यांत तफावत असल्याबाबत.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्रातील प्रतिनिधीने माझी तक्रार बंद केल्याचे सांगून आज दुपारी फोन ठेवला, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. वेष्टनावर आपण ‘मूळ रुंद चौकट’ आणि ‘चित्रपटगृहात प्रदर्शित झालेली आवृत्ती’ असे ठळक छापले आहे. प्रत्यक्षात डिस्कवर जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाने कापलेले चित्र आहे आणि आवृत्तीही अमेरिकेतील टीव्ही प्रसारणासाठी बदललेली आहे. म्हणजे दोन्ही दावे खोटे आहेत.

आवृत्तीबद्दल वादाला जागाच नाही. चित्रपटगृहातील आवृत्तीत जिमी हा रुग्णवाहिकेवरचा तरुण कर्मचारी रक्तावरून घसरून डोक्यावर आपटतो, पुढे गाडीत बेशुद्ध होऊन हॉर्नवर कोसळतो आणि त्यानंतर त्याचे काय झाले हे आपल्याला कळत नाही. शेवटी रुग्णवाहिकेत नायिका लॉरी एकटी असते. आपल्या डिस्कवर तोच जिमी डोक्याला पट्टी बांधून तिच्या शेजारी जिवंत आहे. हा शेवट टीव्हीच्या आवृत्तीतला आहे. ज्या मुलीने एकाच रात्रीत आपल्या मैत्रिणी गमावल्या, तिला दिग्दर्शक रिक रोझेन्थल यांच्या चित्रपटाने शेवटी एकटे ठेवले आहे, आणि मला तोच शेवट पुन्हा पाहायचा होता.

चौकटीचे नुकसान याहून मोठे आहे. हा चित्रपट डीन कंडी यांनी पॅनाव्हिजनच्या रुंद चौकटीत चित्रित केला. १९७८चा पहिला भाग त्यांनीच चित्रित केला होता आणि पुढे ‘ज्युरासिक पार्क’ही त्यांनीच केला. हॅडनफिल्ड गावच्या रुग्णालयातील लांब, अर्धवट उजेडाचे आणि जवळजवळ निर्मनुष्य कॉरिडॉर हाच या चित्रपटातील भीतीचा आधार आहे. माणूस चौकटीच्या एका भागात असतो आणि उरलेल्या रिकाम्या जागेकडे आपण धास्तावून पाहत राहतो. जॅनेट ही परिचारिका डॉक्टरांच्या खोलीत जाते, डॉक्टर मृतावस्थेत सापडतात आणि तिच्या मागच्या अंधारातून खुनी मायकेल मायर्सचा पांढरा मुखवटा हळूहळू उमटतो. हे ‘हळूहळू’ घडायला अंधाराची जागा लागते, आणि आपल्या डिस्कवर नेमकी तीच जागा छाटली गेली आहे. उंचीच्या २.३५ पट रुंद असलेले चित्र १.३३ पटीवर आणले की चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र नाहीसे होते. काठ-पदर कापून उरलेले कापड पैठणी म्हणून विकण्यासारखाच हा प्रकार आहे. व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून हे चित्रपट पाहणाऱ्या माझ्या पिढीने असे कापलेले चित्र नाइलाजाने सहन केले. त्यातून सुटका व्हावी म्हणूनच ही डिस्क मी घेतली.

आता आजच्या संभाषणाविषयी. मी चौकटीचा मुद्दा मांडताच आपले प्रतिनिधी म्हणाले, “सर, चित्र दिसतंय, आवाज येतोय, मग डिस्क खराब कशी?” मी वेष्टनावरील ओळ वाचून दाखवली. त्यावर उत्तर मिळाले, “रिमोटवर झूमचं बटण असतं, ते दाबा, पूर्ण स्क्रीन भरेल.” झूम केल्याने कडेचे गेलेले चित्र परत येत नाही, उलट वरचा आणि खालचा मिळून आणखी पाव भाग जातो, हे मी शांतपणे समजावून सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, “अहो सर, भुताचाच पिक्चर आहे ना? कडेचं थोडं गेलं तरी स्टोरी कळते की!” हा भुताचा चित्रपट नाही. मायकेल मायर्स हा माणूस आहे, आणि आपण काय विकतो एवढे तरी विकणाऱ्या कंपनीला माहीत असले पाहिजे. त्यानंतर “आपली तक्रार क्लोज करतोय” एवढे बोलून फोन बंद झाला.

त्या कर्मचाऱ्यावर माझा राग नाही, त्याला जे शिकवले तेच तो बोलला. राग व्यवस्थापनावर आहे. एखाद्या नावाजलेल्या, पुरस्कारविजेत्या चित्रपटाचे चित्र असे कापून विकण्याचे धाडस आपण केले असते का? स्लॅशरपट, म्हणजे एकामागून एक खून करणाऱ्या मारेकऱ्याचा भयपट, त्यातही दुसरा भाग, म्हणून कोणी बारकाईने पाहणार नाही असे आपण गृहीत धरले. असे चित्रपट आम्ही पुन्हा पुन्हा, एकेक दृश्य थांबवून पाहतो. आपल्या कंपनीच्या डिस्क मी अनेक वर्षे विश्वासाने घेत आलो, त्यामुळे ‘झूम दाबा’ हे उत्तर मला अधिकच लागले आहे.

पावती, वेष्टनाची छायाचित्रे आणि वर सांगितलेल्या दोन्ही दृश्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मला डिस्कची पूर्ण किंमत परत हवी आहे, आणि दुरुस्त वेष्टन येईपर्यंत हा माल विक्रीतून काढून घ्यावा. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार मी जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करीन. मी राहतो त्याच जिल्ह्यात ती करण्याची मुभा हा कायदा मला देतो. उत्तर कृपया लेखीच पाठवावे, यापुढे आपल्या केंद्राचा फोन मी घेणार नाही.

आपला,
एक ग्राहक, पुणे