रॅम घेण्याआधी तळ उघडून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वस्त, छोट्या लॅपटॉपवर गेम कसे खेळावेत यासंबंधीचा मजकूर आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर वाचला. ‘रॅम वाढवा, एसएसडी टाका’ एवढे सांगून लेखक मोकळे झाले आहेत. (रॅम म्हणजे चालू कामापुरती मेमरी, एसएसडी म्हणजे चिपवरची वेगवान कायम साठवण.) हेच ज्ञान माझ्या नातवाने काही महिन्यांपूर्वी कुठूनसे मिळवले होते. त्याचा खर्च मी भरला, म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. यंत्र उघडून बघितल्याशिवाय पार्ट आणायचा नाही, हा माझा नियम. तो मी नातवाच्या बाबतीत मोडला. त्याचा लॅपटॉप ११.६ इंची, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. “आजोबा, ८ जीबी रॅमची स्टिक टाकली की गेम मक्खन चालतो,” म्हणाला. स्टिक आधी आली, स्क्रूड्रायव्हर नंतर काढला. आठ स्क्रू दिसत होते, दोन रबरी पायांखाली दडले होते. झाकण उघडले तर आत स्टिक बसवायला खाचच नव्हती. रॅमचे चिप थेट बोर्डावर सोल्डर केलेले.

मी म्हटले, सोल्डर तर सोल्डर, आपला जन्मच त्यात गेला. भिंगातून पाहिले आणि आयर्न परत जागेवर ठेवले. या चिपला बाजूला पाय नसतात; पोटाखाली मोहरीहून बारीक डाखाच्या गोळ्या असतात. माझ्या आयर्नचे टोक तिथे शिरणार कुठून? ते गरम हवेच्या यंत्राचे आणि तरुण डोळ्यांचे काम. पूर्वी असे नव्हते. २००७ सालचा असुसचा ईईई पीसी ७०१ आठवा. पडदा ७ इंची, साठवण जेमतेम ४ जीबी आणि तीही बोर्डावरच जोडलेली. पण तळाला एक छोटे झाकण होते. ते काढून ५१२ एमबीची रॅम बदलून मोठी घालता यायची.

आमच्या बोर्डावर एसएसडी बसवायची एम.२ नावाची एक खाच मात्र रिकामी होती. तिथेही आम्ही धडपडलो. पहिली एसएसडी एनव्हीएमई जातीची आणली. ती खाचेत व्यवस्थित बसली, स्क्रूही लागला, पण लॅपटॉपला ती दिसेना. खाच साटा या जुन्या जातीची होती. आकार एक, भाषा दोन! साटाची आणली तेव्हा काम झाले. जो गेम उघडायला सव्वादोन मिनिटे घ्यायचा तो पाऊण मिनिटात उघडू लागला. नातू खूश झाला तो तेवढाच वेळ. खेळायला लागल्यावर आधी सेकंदाला १७-१८ फ्रेम, म्हणजे पडद्यावर नव्याने काढलेली चित्रे, मिळत, एसएसडीनंतरही तेवढ्याच. एसएसडीने दार लवकर उघडते, आतला चित्रकार तोच राहतो.

आणि तो चित्रकार बदलता येत नाही. चित्र काढणारा ग्राफिक्सचा भाग मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्ये आहे. त्या सबंध चिपचा वीजवापर निर्मात्याने ६ वॉट धरला आहे. डेस्कटॉपमधले आरटीएक्स ३०६०सारखे मधल्या दर्जाचे ग्राफिक्स कार्ड एकटे १७० वॉट खाते. मी नातवाला म्हटले, खिशातल्या ट्रान्झिस्टरला लग्नाच्या मांडवातला भोंगा लावून आवाज वाढत नसतो. त्याने ट्रान्झिस्टर पाहिलेला नाही, तो भाग वेगळा.

गंमत म्हणजे खरा फरक पडला तो फुकटात. लॅपटॉपला पंखा नाही, चिपवर नुसती धातूची पातळ पट्टी. वीसेक मिनिटांत चिप तापायची, स्वतःला वाचवायला वेग उतरवायची आणि फ्रेम ११ वर यायच्या. पट्टीखालची, चिपची उष्णता पट्टीला पोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून माझ्याकडच्याच ट्यूबमधली नवी लावली, लॅपटॉप मागून बोटभर उचलून ठेवला. मग गेमचे रिझोल्युशन १३६६ बाय ७६८ वरून १०२४ बाय ५७६ केले. साधा गुणाकार करा: साडेदहा लाख ठिपक्यांऐवजी सहा लाखांच्या आत. सावल्या बंद केल्या. फ्रेम २८ वर गेल्या आणि बराच वेळ तिथेच टिकल्या. चित्र जरा धूसर दिसते, पण अकरा वर्षांच्या मुलाला ते चालते.

रॅम वाढवून काहीच होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. लेकीचा लॅपटॉप असाच साधा, पण रॅमच्या खाचा दोन, त्यातली एक रिकामी. तिथे ४ जीबीच्या स्टिकला त्याच वेगाची दुसरी जोड दिली आणि त्याच गेमच्या फ्रेम चांगल्याच वाढल्या. कारण असे की, अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच पाणी भरते. डीडीआर४ या रॅमच्या चौथ्या पिढीतली २४०० वेगाची एक स्टिक असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी, दोन स्टिक दोन चॅनेलवर, म्हणजे दोन वेगळ्या वाटांवर, चालल्या की ३८.४. म्हणजे ८ जीबीची एकच घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन गेमसाठी बऱ्या. हे आपल्या लेखात यायला हवे होते.

वायफायचे कार्ड काढून त्या जागी वायरीने बाहेरचे ग्राफिक्स कार्ड जोडायचे व्हिडिओही नातवाने दाखवले. काही लॅपटॉपांत ते होते, नाही असे नाही. पण सोळा लेनच्या, म्हणजे माहिती वाहणाऱ्या सोळा वाटांच्या, कार्डाला एका लेनवरून चालवायचे, त्याला वेगळा पॉवर सप्लाय द्यायचा, तो टेबलावर पसरायचा. घोड्यापेक्षा नाल जड. मी ‘नाही’ म्हटले.

माझी तक्रार कंपन्यांनी स्वस्त लॅपटॉप बनवण्याबद्दल नाही. पातळ आणि स्वस्त करायचे तर रॅम सोल्डर होणार, हे मला कळते. पण खोक्यावर ठळक ‘४ जीबी रॅम’ छापता, तिथेच ‘बदलता येणार नाही’ हे शब्द छापायला किती शाई लागते? आमच्या खोक्यावर ते नव्हते, माहितीपत्रकातही नव्हते. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्तीला किती सोपा याचे १० पैकी गुण गिऱ्हाइकाला दाखवावे लागतात. तसे सगळीकडे व्हायला हवे. तोवर आपण एवढे करा: कोणत्याही स्वस्त लॅपटॉपची ओळख छापताना पडद्यावरच्या रंगीत गेमचा फोटो गाळा आणि तळाचे झाकण काढून आतला फोटो छापा. रॅमच्या खाचा किती, एम.२ची खाच साटाची की एनव्हीएमईची, पंखा आहे की नाही, एवढे त्याखाली लिहा.

आमची ८ जीबीची स्टिक खणात पडून आहे. लेकीच्या लॅपटॉपातही ती चालली नाही, तो डीडीआर४ आणि ही निघाली डीडीआर३.

आपला,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक