आधी पुनर्वसन, मग धरण : न्यू स्वीडनचा दाखला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

युरोपीय स्थलांतरितांच्या वसाहतींविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात अमेरिकेच्या मेन राज्यातील न्यू स्वीडन या शेतकरी गावाचा उल्लेख ओझरता झाला आहे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडलेल्या आपल्या राज्यात या गावाची उभारणी तपशिलाने सांगितली पाहिजे, म्हणून हे पत्र.

१८६७-६८च्या सुमारास स्वीडन दुष्काळाने होरपळला होता. तिकडे मेनमधील तरुण पश्चिमेच्या सुपीक जमिनींच्या ओढीने राज्य सोडून चालले होते. लिंकन यांच्या काळात गोथेनबर्ग येथे अमेरिकेचे वाणिज्यदूत असलेल्या आणि स्वीडिश भाषा अवगत असलेल्या विल्यम विजरी थॉमस यांनी उत्तरेकडील अरूस्टुक परगण्यातील जंगलात स्वीडिश शेतकरी वसवण्याची योजना मांडली. मार्च १८७०मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला आणि त्याच वर्षी २३ जुलैला २२ पुरुष, ११ स्त्रिया आणि १८ मुले अशी ५१ माणसे तेथे पोहोचली. प्रवासखर्च त्यांचा स्वतःचा होता. पण प्रत्येकी १०० एकर जमीन, त्यातील थोडी झाडे तोडून मोकळी केलेली आणि तीवर ओंडक्यांचे घर, ही जबाबदारी राज्याने घेतली होती. पेरणीचा हंगाम सरत आला होता, तरी तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांमधून त्यांनी सलगम पेरले. पहिले पीक हाती येईपर्यंत कोणाची उपासमार होऊ नये म्हणून रस्ते बांधण्याचे काम त्यांनाच देण्यात आले आणि मजुरीपोटी शिधा व अवजारे मिळाली. योजना आखणारे थॉमस कार्यालयात न बसता त्यांच्यासोबत जंगलात राहिले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुढे शेजारी स्टॉकहोम, वेस्टमनलँड अशी गावे वसली.

ते जंगल मिकमॅक आणि मॅलिसीट या मूळ रहिवाशांच्या भूमीतले होते, हे विसरता येणार नाही. शिवाय स्वीडिश शेतकरी स्वखुशीने आले होते; आपल्या धरणग्रस्तांना तशी निवड नव्हती. त्यामुळे सरकारची जबाबदारी येथे कितीतरी अधिक ठरते.

कोयनेच्या विस्थापितांची मुले-नातवंडे आज मुंबईत माथाडी म्हणून किंवा लहानसहान नोकऱ्यांत राबत आहेत. आमच्या चाळीतील एका वृद्ध गृहस्थांकडे बुडालेल्या गावचा खातेउतारा, मोबदल्याची नोटीस आणि अर्जांच्या पोचपावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या आहेत. पोचपावत्यांची शाई पुसट झाली, पण पर्यायी जमिनीचा सातबारा अद्याप त्यांच्या नावावर झालेला नाही. महाराष्ट्राने १९७६मध्येच पुनर्वसनाचा कायदा केला आणि ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा याच मातीत घुमली, तरीही ही स्थिती आहे.

शासनाला माझी विनंती आहे की, यापुढे लाभक्षेत्रातील जमिनीचा प्रत्यक्ष ताबा व सातबारा, पाणी आणि रस्त्यासह तयार गावठाण, तसेच पहिल्या दोन हंगामांसाठी गावातच रोजगार मिळाल्याखेरीज एकाही कुटुंबाला हलवू नये. प्रत्येक पुनर्वसित गावासाठी एक अधिकारी नेमावा, त्याचा मुक्काम त्याच गावात असावा आणि शेवटच्या खातेदाराचा सातबारा होईपर्यंत त्याची बदली करू नये.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई