वायोंतचं धरण अजून उभं आहे

मिलान, मे महिना

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्राचं खूळ कुठून काढलंस, असं आई म्हणेल. फोनवर मी एक खोटं बोलले, म्हणून. फेब्रुवारीत बाबांनी विचारलं, "धरणांचा पेपर कसा गेला?" मी म्हणाले, "गेला बरा." नापास झाले होते.

पेपर कसला, इथे तोंडी परीक्षा असते. समोर मास्तर, हातात कोरा कागद, आणि मागच्या बाकांवर आपली पाळी यायची वाट बघणारी मुलं सगळं ऐकत असतात. गुण ३० पैकी, १८ मिळाले की पास. मला म्हणाले, गुरुत्व धरणाच्या, म्हणजे स्वतःच्या वजनावर उभ्या राहणाऱ्या धरणाच्या, बुडाखाली पाण्याचा वर ढकलणारा दाब कसा पसरतो ते काढून दाखव. मी वरच्या बाजूपासून खालच्या बाजूपर्यंत एक सरळ तिरपी रेघ मारली. "आणि गॅलरी?" मी गप्प. गॅलरीतल्या, म्हणजे धरणाच्या पोटातल्या बोगद्यातल्या, निचऱ्याच्या भोकांपाशी तो दाब एकदम उतरतो, हे मला सुचलंच नाही.

बाबा, मी चौथीत होते तेव्हा तुमच्या साइटवरच्या गॅलरीत नेलं होतंत मला. भिंतीतून पाणी ठिबकत होतं म्हणून मी घाबरले. तुम्ही म्हणालात, "ही गळती नाही गं, मुद्दाम ठेवलेली वाट आहे." तेच विचारलं होतं हो! दुसऱ्या वेळी २४ मिळाले. आवडले नाहीत तर इथे गुण नाकारून पुन्हा बसता येतं, पण तेवढा दम उरला नव्हता.

कोयनेची गोष्ट मात्र खरीच सांगितली होती. वर्गात पडद्यावर आपलं धरण आलं, १०३ मीटर उंचीचं, आणि खालच्या अंगाचा उतार जिथे बदलतो तिथे भेग दाखवणारी लाल रेघ. डिझाइनमध्ये भूकंपाचा आडवा जोर धरणाच्या वजनाच्या ०.०५ पट एवढाच धरला होता. ११ डिसेंबर १९६७ ला धरणातल्याच यंत्राने धक्क्याची नोंद केली, आणि जगभरचे लोक आपलं सॉफ्टवेअर खरं की खोटं हे आजही त्या नोंदीवर तपासतात. वेळ पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. तुम्ही एवढी वर्षं नुसतं "कोंबडं आरवायच्या आधी" म्हणत आलात. मी हात वर करून सांगितलं की माझे वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि पुढे कित्येक रात्री खळ्यात झोपले. मास्तरांनी दोनदा माझ्याकडून 'कोयना' म्हणवून घेतलं.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलमध्ये आम्हाला बसने वायोंतला नेलं. उत्तर इटलीच्या डोंगरात, पियावे नदीच्या खोऱ्याला लागून असलेली चिंचोळी घळ आणि तीत २६१ मीटरहून उंच कमानी धरण. कोयनेच्या अडीचपट. बाबा, तुम्ही पाहिलंत तर हात जोडाल, इतकं देखणं आहे. मागे पाणी मात्र नाही. पाण्याच्या जागी डोंगर आहे, त्यावर झाडं वाढली आहेत. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री तलावाकाठच्या मोंते तोक डोंगराचा पंचवीस कोटी घनमीटरहून जास्त भाग तलावात उतरला, पाणी धरणावरून उडालं आणि खालचं लोंगारोने गाव धुऊन गेलं. १,९०० हून अधिक माणसं. धरणाचा फक्त माथा थोडा खरचटला. रस्त्याकडेच्या कुंपणाला त्या रात्री गेलेल्या मुलांच्या नावांच्या रंगीत पताका बांधल्या आहेत. त्यापुढे मला फोटो काढवला नाही.

धरणाचा डिझाइनर कार्लो सेमेंझा. त्याचा मुलगा एदोआर्दो भूगर्भशास्त्रज्ञ. डोंगराची ही बाजू म्हणजे जुनी, कधीतरी घसरून थांबलेली दरड आहे, हे १९५९-६० मध्ये मुलानेच शोधून बापाला सांगितलं. बापाने कानाडोळा केला असं म्हणणं सोपं आहे, पण तसं झालं नाही. १९६० मध्ये डोंगराला लांबलचक भेग पडली तेव्हा पाणी उतरवलं, दरड पडून तलावाचे दोन भाग झाले तर म्हणून जोडबोगदाही खणला. १९६१ मध्ये कार्लो वारला. तलाव पुढेही भरत, उतरवत, परत भरत राहिले.

तुम्ही म्हणता, "आपलं काम धरणापुरतं, डोंगर सरकारचा." मला आता तसं वाटत नाही. २०२१ च्या जुलैत आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या त्या आपल्याच पाटण तालुक्यात, आणि आठवडाभर तुम्ही धड जेवला नव्हतात. पुण्याच्या डिझाइन ऑफिसात तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला आहे, ते मला ठाऊक आहे. पण परत आल्यावर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी दरडींवर घेणार आणि पुढेही त्यातच काम शोधणार. पगार कमी असेल. रागावायचं तर पत्रातच रागवा, म्हणजे मला दोनदा वाचता येईल.

आई, तुझी कारळ्याची चटणी फेब्रुवारीतच संपली. इथे पोलेंता म्हणून मक्याच्या पिठाची उकड मिळते, तिच्याबरोबर मिरचीचा ठेचा करून खाते. बरोबरच्या इटालियन मुलीने एकदा चाखला आणि अर्धा तास माझ्याशी बोलली नाही. तब्येत उत्तम, सर्दीसुद्धा नाही.

बाबा, एक काम आहे. पावसाआधी आत्याकडे जाल तेव्हा वरच्या खाचरापलीकडची ती भेग बघून या. भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक लोखंडी खुंटी ठोका, मधलं अंतर टेपने मोजा आणि तारीख घालून तुमच्या साइटच्या वहीत लिहा. मग दर रविवारी आत्याच्या बाळूला मोजायला सांगा, मिलिमीटरमध्ये. अंतर वाढायला लागलं तर माझ्या फोनची वाट न बघता आत्याला कराडला घेऊन या. आणि आई, यांना एकट्याला वर चढू देऊ नकोस, गुडघा अजून दुखतो ते मला माहीत आहे. तुम्हीही फोनवर सगळं खरं सांगत नाही.

तुमची,
धाकटी